एका प्रांताला एकच रंग?

मुले संगणकावर तासन्‌तास राज्ये जिंकत बसतात, ही तक्रार पालकसभेत हमखास होते. तक्रार रास्त आहे. तरी पडद्यावरचा नकाशा पालकांनी एकदा पाहावाच, असे आम्हांस वाटते.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा २०१३ सालचा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ पासून सुरू होतो. एक कळ दाबली की राज्यांच्या सीमा दिसतात, दुसरीने डोंगर-जंगले, आणखी एकीने धर्म किंवा व्यापार. डोंगरात चढाई करणाऱ्याचे फाशातले २ गुण कापले जातात. म्हणून जाणता खेळाडू आधी भूरूपाचा नकाशा उघडतो. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशाला ही सोय नाही.

पण या नकाशांनाही स्वतःची मते असतात. व्यापाराचे बाण उलटे फिरवता येत नाहीत. त्यांचा शेवट व्हेनिस, जिनोआ किंवा इंग्लिश खाडीतच. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली, बाण मात्र १४४४ पासूनच युरोपकडे! संस्कृतीच्या नकाशात तर एका प्रांताला एकच रंग. गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात नांदणारी आपल्यासारखी मराठी घरे त्यात कुठे दाखवायची?

‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) मध्ये एकाच प्रांतातली माणसे संस्कृती, धर्म आणि व्यवसाय यांनुसार वेगवेगळी मोजली जातात. त्यामुळे पडदा किचकट होतो, हे खरे. आम्हांस तो किचकटपणा पत्करावासा वाटतो.

इतिहासाचा एखादा तास संगणक कक्षात घेऊन हे दोन्ही नकाशे मुलांपुढे ठेवावेत, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे.