दूरची गाडी घरी आणताना

दिल्लीत वापरलेली मोटार विकत घेऊन सांगली-कोल्हापूरकडे आणावी, असा विचार आपल्या भागातील अनेक कुटुंबांत होऊ लागला आहे. यामागचे कारण सर्वश्रुत आहे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा उचलून धरली. त्यामुळे तेथील सुस्थितीतील गाड्याही मुदत संपण्याआधीच कमी किमतीत बाजारात येऊ लागल्या. ऐपतीबाहेरचे कर्ज काढून नवी गाडी घेण्यापेक्षा वापरलेली गाडी घेणे हे परिग्रहपरिमाणाच्या विचाराला धरूनच आहे. प्रश्न आहे तो ती घरी कशी आणावी, याचा.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जुन्या गाडीच्या व्यवहारात हे पाचही अतिचार वाटेत उभे असतात.

पहिला स्तेनप्रयोग, म्हणजे दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. “काहीही कर, पण कागद आठ दिवसांत काढून दे,” असे आपण दलालाला सांगतो, तेव्हा तो ते कसे काढणार आहे हे आपल्याला ठाऊक असते. दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. यासाठी गाडीवरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी स्वतः ताडून पाहावेत आणि गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राचा अहवाल मागावा. तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन. कर चुकवण्यासाठी परराज्याच्या क्रमांकावर वर्षानुवर्षे गाडी चालवणे हे त्याचेच रूप. चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी मापे. अंतरमापकाचे आकडे मागे फिरवणे ही आजची खोटी तराजू होय. दुरुस्ती केंद्रातील जुन्या नोंदी मागितल्या की ती उघडी पडते. पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे हिणकस वस्तू चांगली भासवून देणे. २०१९ चा महापूर पाहिलेल्या आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते. पण आसनपट्टा पूर्ण ओढून पाहावा, पायाखालचा गालिचा उचलावा, म्हणजे गाळाच्या खुणा सापडतात.

निवड झाली की दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवासाचा विचार येतो. चालकाकरवी गाडी आणावी की वाहतूकदाराच्या ट्रेलरवर चढवावी? ट्रेलरवर चढवायची असल्यास चारही बाजूंनी, छताची व अंतर्भागाची दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत. जुने ओरखडे बिल्टीवर नोंदवून घ्यावेत. टाकीत इंधन अल्प ठेवावे आणि आत कोणतेही सामान ठेवू नये. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या ठरावीक पटीपुरतीच मर्यादित असते. लाखांची गाडी आणि हजारांचे भाडे यांतील हे अंतर भरून काढण्यासाठी प्रवासाचा स्वतंत्र विमा घ्यावा. गाडी पोचल्यावर आधी तपासणी आणि मग पोचपावतीवर सही, हा क्रम मोडू नये. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाल्याची खात्री करावी, अन्यथा आपला पथकर त्यांच्या खात्यातून वजा होत राहील.

गाडी अंगणात उभी राहिली की बहुतेकांना काम संपले असे वाटते. वास्तविक महत्त्वाचे काम पुढेच असते. मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील नाहरकत प्रमाणपत्र, मालकीबदलाचे नमुना २९ व ३०, गाडीवर पूर्वी कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५, आणि इकडे नव्या क्रमांकासाठी नमुना २७, अशी ही साखळी आहे. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ सांगते. या बारा महिन्यांचा अनेकजण सोयीस्कर अर्थ लावतात. ती मुदत क्रमांकासाठी आहे. खरेदीदाराने मालकीबदल तीस दिवसांत कळवावा, असे कलम ५० चे बंधन आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा लागतो.

ही दिरंगाई किती महाग पडते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालाने स्पष्ट केले आहे. गाडी एकामागून एक चार हातांत गेली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदवहीत आहे. म्हणजे आपण कागद कपाटात ठेवून गाडी चालवत राहिलो आणि मिरजेच्या रस्त्यावर दुर्दैवाने अपघात झाला, तर दिल्लीतील एका अपरिचित गृहस्थाच्या दारी न्यायालयाची नोटीस जाईल. त्याने गाडी विकली, पैसे घेतले, आपल्यावर विश्वास ठेवला. त्याच्या नावावर आपली जोखीम टाकून निर्धास्त राहणे हे चोरीपासून फार दूर नाही. आणि त्याला होणारा मनस्ताप ही हिंसाच आहे.

म्हणून व्यवहार ठरवतानाच किमतीचा शेवटचा हप्ता नाहरकत प्रमाणपत्र हाती आल्यावर देण्याचे लेखी ठरवावे. नव्या क्रमांकाचा खर्च आणि महाराष्ट्राचा कर आधीच किमतीत मिळवून पाहावा. तो मिळवल्यावर दूरची गाडी स्वस्त राहत नसेल, तर गावातलीच पाहावी. दिल्लीत भरलेल्या कराचा उर्वरित भाग परत मिळण्यासाठी तेथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, हेही ध्यानात असावे. आणि आपल्या नावाची नोंदणी पुस्तिका आली की तिची एक प्रत जुन्या मालकाला आठवणीने पाठवावी.