पाणी किती घट्ट?

अर्धांगवायूनंतर आजोबांना साध्या पाण्याचाही ठसका लागायचा. पाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनियाची भीती. थेरपिस्टनी पाणी घट्ट करायला झँथन गमची पावडर दिली. आई म्हणे ताकाएवढं, आत्या म्हणे मधाएवढं. मध तरी कुठे सगळीकडे सारखा असतो?

प्रयोगशाळेत हे रिओमीटरवर मोजतात. घरी बिनसुईची १० मिलीची सिरिंज पुरते. खालचं तोंड बोटाने बंद करून ती काठोकाठ १० पर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी परत लावा. आयडीडीएसआय पद्धतीत १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २. आपल्या माणसाला कुठली चालेल, ते थेरपिस्टच ठरवतात. सिरिंजवर ० ते १० हे अंतर ६१.५ मिमी हवं; आमची पहिली आखूड निघाली!

आता आजोबांचा चहाही आधी सिरिंजमधून जातो.