बॅगा भरण्याआधी

मागच्या पंधरवड्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळेला एक कुटुंब आले. नवरा आमच्याच भागातल्या साखर कारखान्यात केमिस्ट. त्याला युगांडातल्या एका कारखान्यात दोन वर्षांचे काम मिळाले आहे. बरोबर बायको, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि मागे बाकावर बसलेली म्हातारी आई. विमान आठ दिवसांवर आलेले. "डॉक्टरसाहेब, फिटनेसवर सही पाहिजे फक्त, बाकी सगळी तयारी झाली," असे म्हणून त्याने कागद पुढे केला.

मी विचारले, पिवळ्या तापाची लस? त्याची झाली होती. कंपनीने मुंबईला बोलावून टोचून घेतले होते. बायकोची आणि मुलांची? नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागले. मिक्सर कोणता न्यायचा, कुकरच्या रिंगा किती, गोडा मसाला किती किलो, याची यादी वहिनींच्या पर्समध्ये होती. या लशीचे मात्र त्यांना कोणी बोललेच नव्हते.

आपल्या पश्चिम महाराष्ट्रातले केमिस्ट, पॅनमन, फिटर आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत जाणे आता नवे राहिलेले नाही. मुले हुशार आहेत, चार पैसे मिळतात, जरूर जावे. माझी तक्रार वेगळी आहे. कंपनी माणसाची तपासणी करते ती तो काम करू शकेल की नाही एवढ्यापुरती. त्याच्या मागून जाणाऱ्या बायकामुलांना कोणी विचारत नाही, आणि आपणही विचारत नाही. पगाराचा आकडा चार वेळा विचारणारा माणूस लशीचे एकदाही विचारत नाही.

पिवळ्या तापाचे आधी सांगतो, कारण इथे नियम आडवा येतो. युगांडात एक वर्षावरच्या प्रत्येकाकडे या लशीचा दाखला लागतो, आणि तो टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. म्हणजे विमान आठ दिवसांवर असताना काहीही करून उपयोग नाही. ही लस तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच, पासपोर्ट दाखवून, नेमल्या दिवशी मिळते. एकदा घेतली की झाले. पूर्वी दाखला दहा वर्षांचा असे, 2016 सालापासून तो जन्मभर चालतो. परत येताना दाखला नसेल तर आपले सरकारही सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लोक याला सरकारी जाच म्हणतात. पण हा रोग पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूचा, आपल्या घराघरांतल्या पिंपात आहे, आणि पिवळा ताप मात्र अजून आपल्याकडे आलेला नाही. एकदा शिरला तर काय होईल याची कल्पना करा. त्यामुळे या बाबतीत मी पूर्णपणे सरकारच्या बाजूचा आहे.

या कुटुंबात आणखी एक अडचण निघाली. धाकट्याला नुकताच आरोग्य केंद्रात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दिला होता. तीही जिवंत लस आणि पिवळ्या तापाचीही जिवंत. अशा दोन लशी एकाच दिवशी दिल्या नाहीत तर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. झाले, तिकिटे पुढे ढकलली आणि भुर्दंड घरच्याच खिशातून गेला. दोन महिने आधी आले असते तर हे सगळे चहा पिता पिता जमले असते.

पण लस घेतली म्हणजे जिंकले असे नाही. मला खरी भीती वाटते ती मलेरियाची. लोक इबोलाबद्दल विचारतात, कारण 2022 मध्ये युगांडात त्याची साथ आली तेव्हा पेपरात फोटो आले होते. मलेरियाचे फोटो येत नाहीत. "मलेरिया काय, आपल्याकडे पण असतो की," हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. आपल्या भागात दिसतो तो बहुतेक व्हायव्हॅक्स. हुडहुडी भरते, अंग मोडून येते, पण माणूस सहसा उठून बसतो. तिकडचा फाल्सिपेरम. आपल्याकडे गडचिरोलीच्या लोकांना तो चांगला माहीत आहे. तो दोन दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो, आणि क्लोरोक्विनला तर तो तिकडे दादच देत नाही. तिथले मोठे लोक ताप आला तरी हिंडतात, कारण लहानपणापासून पुन:पुन्हा होऊन त्यांच्या अंगात थोडी ताकद आलेली असते. आपल्या पोरांच्या अंगात ती नाही. तिथे गेल्यावर जुने भारतीय सांगतील, आम्ही काही गोळ्या घेत नाही. त्यांचे ऐकू नये. प्रतिबंधक गोळी कोणाला कोणती, हे वय, वजन आणि इतर दुखणी पाहून ठरते. एक गोळी आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, एक मनाने हळव्या माणसाला सोसत नाही. औषध लावलेली मच्छरदाणी मात्र सगळ्यांना चालते, आणि ती इथूनच न्यावी. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचे. क्रोसिन देऊन उद्या बघू, हे तिथे नाही.

हे मी एवढे आग्रहाने का सांगतो तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एक फिटर आफ्रिकेतून दिवाळीच्या रजेवर आला होता. ताप घेऊन माझ्याकडे आला. गावात व्हायरलची साथ होती, मी व्हायरल समजून औषध दिले. तो कुठून आला हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी बायको धावत आली, "काहीतरीच बोलायला लागलेत." जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, रक्तात फाल्सिपेरम भरलेला. माणूस वाचला, पण मूत्रपिंडावर येऊन गेले. महिनाभर त्याचे हाल झाले. चूक माझी होती. तेव्हापासून ताप म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, गेल्या वर्षभरात कुठे गेला होता? तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारले तरी तुम्ही सांगा.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. आपली मुले विहिरीत, कालव्यात पोहणारी. तिथे व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी पाहून त्यांना राहवणार नाही. त्या पाण्यातल्या गोगलगायींतून बिलहार्झियाचे जंतू निघतात आणि नुसत्या कातडीतून आत शिरतात. पाणी पिण्याचीही गरज नाही. हा रोग भारतात जवळजवळ नाहीच. एकच ठिकाण डॉक्टरांच्या पुस्तकात येते, ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी गाव. 1952 साली तिथे हा रोग नोंदला गेला. तेव्हा सरोवर काठावरूनच पाहावे.

बाकी बाबी थोडक्यात. मुलांचे लसीकरण कार्ड इंग्रजीत लिहून घ्या. औषधांची कंपनीची नावे तिकडे कोणी ओळखत नाही, मूळ औषधाचे नाव लिहून न्या. दात इथेच दाखवून घ्या, चष्मा दोन करा. आणि सही करण्याआधी कंपनीकडून लिहून घ्या, की बायकामुलांच्या दवाखान्याचा खर्च कोण करणार आणि गंभीर झाल्यास नैरोबीला हलवायचे विमान कोणाच्या पैशाने. आपली इथली पॉलिसी तिकडे बहुधा चालत नाही. असे विचारल्यावर नोकरी जाईल अशी भीती अनेकांना वाटते. ज्या कंपनीला हा प्रश्न टोचतो, तिच्या भरवशावर दीड वर्षाचे मूल न्यावे का, याचा विचार करा.

वहिनींशी मी वेगळे बोललो. नवरा बारा तास कारखान्यात, मुलगी शाळेत, शेजारी भाषा निराळी. इथे दुपारी चार बायका जमतात, तिथे भिंती. झोप उडाली, उगाच रडू यायला लागले तर ते आजारपणच समजायचे आणि सांगायचे. त्या मान हलवत होत्या. नवऱ्याला हे ऐकू यावे म्हणून मी जरा मोठ्यानेच बोललो.

केमिस्ट एकटा गेला. बायको-मुले आता पुढच्या महिन्यात निघतील. काल आजी एकट्याच दवाखान्यात आल्या. त्यांना मधुमेह आहे, बारा वर्षांपासून. मुलगाच गोळ्या आणून देत असे, रक्त तपासायलाही तोच नेत असे. पिशवीतून त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाल्या, "कुठली सकाळची, कुठली रातची, मोठ्या अक्षरात लिहून द्या. सून गेल्यावर मला वाचून दाखवणारं कोणी नाही." मी लिहून दिले, आणि शेजारच्या पोराला दर सोमवारी त्यांच्याबरोबर पाठवायला सांगितले आहे.