बदलता चेहरा आणि रतीचे आलंबन : ‘डॉक्टर हू’च्या निमित्ताने

दीर्घकाळ चालणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिकेत मुख्य भूमिका करणारा नट केव्हा ना केव्हा बदलतो. वय, आजार, मानधन, कंटाळा, अन्य कामाची संधी ही त्याची कारणे साहित्यबाह्य असतात. म्हणून संहितेच्या विचारात त्यांना स्थान नाही, असा एक समज आढळतो. रंगभूमीपुरता तो बराचसा खराही आहे. ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर १९७० मध्ये श्रीराम लागू यांनी उभे केले, पुढे ते दत्ता भट यांनी आणि सतीश दुभाषी यांनीही केले; परंतु आपला नवरा बदलला आहे हे कावेरीला कळण्याचे काही कारण नाही. ‘रिप्लेसमेंट’ ही नाट्यव्यवसायाची बाब असते, नाटकाची नव्हे. बी. बी. सी.च्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचे वेगळेपण असे की, तेथे नट बदलल्याचे कावेरीला कळते. चेहरा, आवाज, वय, चालण्याची ढब सारे बदललेला पुरुष समोर उभा राहून ‘तो मीच’ असे सांगतो, आणि हे मान्य करायचे की नाही हे तिला ठरवावे लागते. या मालिकेतील प्रीतीच्या चित्रणाचे खरे मोल या एका प्रसंगावरून ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मालिकेचा आरंभ २३ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला. व्हेरिटी लँबर्ट निर्मात्या होत्या, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले होते. कालप्रवास करणारा, परग्रहावरचा, काहीसा तिरसट वृद्ध अशी डॉक्टरची व्यक्तिरेखा विल्यम हार्टनेल या नटाने साकारली. १९६६ पर्यंत हार्टनेलची प्रकृती इतकी ढासळली की त्याला काम करणे अशक्य झाले. मालिका लोकप्रिय होती. ती थांबवायची नव्हती. तेव्हा २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द टेंथ प्लॅनेट’च्या अखेरच्या भागात हार्टनेल जमिनीवर कोसळतो आणि पॅट्रिक ट्राउटन उठतो. (तो भाग बी. बी. सी.च्या संग्रहातून हरवला आहे. रूपांतराचे काही क्षण तेवढे शिल्लक राहिले, हा योगायोग सूचक म्हणावा लागेल.) या घटनेला ‘रीजनरेशन’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले. टाइम लॉर्ड जातीच्या जीवाला असे बाराच वेळा बदलता येते, ही मर्यादा १९७६ मधील ‘द डेडली असॅसिन’मध्ये आली. म्हणजे अडचण आधी निर्माण झाली, तिचे शास्त्र मागाहून रचले गेले. परंपरा बहुधा अशाच घडतात.

ट्राउटनच्या पहिल्या कथेत एक बारकावा आहे. नवा डॉक्टर आपल्या पूर्वरूपाचा उल्लेख तृतीयपुरुषी करतो. त्याच्या दोन सहप्रवाशांपैकी पॉलीचा त्याच्यावर विश्वास बसतो, बेनचा बसत नाही. त्याला निःशंकपणे ओळखतो तो डालेक, म्हणजे त्याचा हाडवैरी. मित्राला पुरावा लागतो, शत्रूला लागत नाही. प्रेम करणाऱ्याला काय लागते, हा प्रश्न मात्र त्यावेळी उद्भवलाच नाही. कारण डॉक्टरवर त्या अर्थाने प्रेम करणारे कोणी कथेत नव्हते.

नव्हते हे अर्थात पूर्णतः खरे नाही. १९६४ मधील ‘द ॲझटेक्स’ या कथेत डॉक्टर कॅमेका नावाच्या प्रौढ स्त्रीबरोबर कोकोचा पेला घेतो आणि तेथील रिवाजानुसार अजाणता वाङ्निश्चय करून बसतो. प्रसंग विनोदी आहे. पण निघताना तिने दिलेली खूण तो आधी ठेवून देतो आणि मग परत येऊन उचलतो, तेथे विनोद संपतो. १९७३ मधील ‘द ग्रीन डेथ’मध्ये जो ग्रँट ही सहप्रवासी एका तरुण शास्त्रज्ञाशी लग्न ठरवते, सारे आनंदात असताना डॉक्टर पेला रिकामा करून निमूटपणे बाहेर पडतो आणि आपली मोटार घेऊन एकटाच निघून जातो. या दोन्ही ठिकाणी भाव आहे, त्याचा उच्चार नाही. जुन्या मालिकेतील ही संयतता हा तिचा श्रेष्ठ गुण होता आणि पुढे शृंगाराने तिचे विज्ञानकथापण उणावले, असे मानणारा मोठा प्रेक्षकवर्ग आहे. १९९६ च्या चित्रपटात डॉक्टरने ग्रेस हॉलोवे या हृदयशल्यविशारद स्त्रीचे चुंबन घेतले, तेव्हा या वर्गातून नाराजीचा मोठा सूर उमटला होता. परंतु या संयततेमागे कलादृष्टीइतकीच सोयही होती, हे नाकारता येत नाही. ज्या चेहऱ्यावर कोणाचा जीव जडलेला नाही तो चेहरा बदलणे स्वस्त पडते. नाराज प्रेक्षकांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की, त्याच चित्रपटात पूर्वीचा डॉक्टर ग्रेसच्याच शस्त्रक्रियेत मरण पावतो, आणि नव्या चेहऱ्याच्या पुरुषाच्या छातीला नळी लावून दोन हृदयांचे ठोके ऐकल्यावर तिला त्याची ओळख पटते. चुंबन त्यानंतरचे. ओळखीचा प्रश्न आणि प्रीतीचा प्रश्न तेथे प्रथमच एका स्त्रीच्या ठायी एकत्र आले. घाईघाईने हाताळले गेले हे खरे, पण आले.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिकेचे पुनरुज्जीवन केले तेव्हा या दोन प्रश्नांची गाठ अटळ झाली. पहिला भाग २६ मार्च रोजी प्रक्षेपित झाला, आणि क्रिस्टोफर एकल्स्टन ही भूमिका सोडत असल्याचे ३० मार्च रोजीच जाहीर झाले. म्हणजे रोझ टायलर या दुकानात काम करणाऱ्या तरुणीची डॉक्टरविषयीची ओढ भागाभागाने वाढत असताना, हा चेहरा जाणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते आणि रोझला नव्हते. मोसमाच्या अखेरीस डॉक्टर तिच्या देहातील घातक शक्ती चुंबनावाटे स्वतःत घेतो आणि त्यामुळेच त्याचा देह बदलतो. प्रीतीचा पहिला उघड उच्चार आणि प्रिय देहाचा नाश या दोन घटना एका क्षणी घडतात. नव्या चेहऱ्याचा डेव्हिड टेनंट तिला आपली ओळख पटवतो ती पहिल्या भेटीत आपण उच्चारलेला पहिला शब्द सांगून. मग ती विचारते, ‘पुन्हा पहिल्यासारखा होता येईल का?’ येत नाही. तिला तसे हवे होते हे ऐकून त्याचा चेहरा उतरतो. काही मिनिटांच्या या जोडप्रसंगात मालिकेचे सारे आशयसूत्र सामावलेले आहे.

मराठीच्या अभ्यासकाला येथे बाणभट्टाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने आपल्या एका वाङ्मयप्रकाराला नाव दिले, त्या ‘कादंबरी’तच हा प्रश्न आलेला आहे. महाश्वेतेचा प्रियकर पुंडरीक मरतो आणि वैशंपायन म्हणून पुन्हा जन्मतो. हा वैशंपायन अनावर ओढीने तिच्यासमोर येतो. ती त्याला ओळखत नाही, उलट त्याच्या धिटाईने संतापून त्याला पोपट होण्याचा शाप देते. तोच आत्मा, तीच रती, पण आलंबनाचा देह निराळा. आणि प्रेयसीच्या मुखातून शापवाणी. विश्वनाथाने करुणविप्रलंभाचे उदाहरण म्हणून पुंडरीक-महाश्वेता वृत्तान्ताचाच निर्देश केला आहे. तथापि बाणाच्या कथेत पुंडरीकाचा मूळ देह चंद्रलोकी सुरक्षित असतो आणि अखेरीस तो त्याच देहानिशी परत येतो. वैशंपायनावर प्रेम करण्याची वेळ महाश्वेतेवर येत नाही. शास्त्राला विप्रलंभ आणि करुण यांतील सीमारेषा पुनर्मीलनाच्या आशेवरून आखता आली, त्यालाही देह परत येण्याची ही सोय कारण होती. ‘डॉक्टर हू’त ही सोय नाही. नटाने करार संपवलेला असतो. प्रिय व्यक्ती मेलेली नाही, दूर गेलेली नाही, समोर उभी आहे. तरी जो देह गेला तो गेलाच. ही अवस्था विप्रलंभही नव्हे आणि करुणही नव्हे. व्यवसायातल्या एका अडचणीने अशी अवस्था लिहिणे भाग पाडले, याचे श्रेय कोणा एका लेखकाला देता येणार नाही.

म्हणूनच २००८ मधील ‘जर्नीज एंड’ हा भाग, त्याची लोकप्रियता मान्य करूनही, पलायन ठरतो. २००६ मध्ये रोझ समांतर विश्वात अडकली होती. समुद्रकिनाऱ्यावर तिने आपले प्रेम सांगितले होते आणि डॉक्टरचे उत्तर वाक्य पुरे होण्याआधी तुटले होते. तो विप्रलंभ उत्तम होता. ती परतते त्याच वेळी डॉक्टर घायाळ होतो, रीजनरेशन सुरू होते. पण ती शक्ती तो आपल्याच पूर्वी तुटलेल्या हातात वळवतो आणि चेहरा तोच राखतो. पुढे त्या हातातून दुसरा डॉक्टर निर्माण होतो, तोच चेहरा असलेला, मानवाप्रमाणे वृद्ध होणारा. रोझला तो मिळतो. अपुरे वाक्य तो तिच्या कानात पुरे करतो. प्रेक्षकाला ऐकू येत नाही. पुंडरीकाचा देह चंद्रलोकातून उतरावा तसाच हा प्रकार. फरक एवढाच की बाणाने त्यासाठी शापांचे आणि जन्मांचे भलेमोठे ऋण उभे केले होते. येथे ते ऋण नाही. रोझने एकदा चेहरा बदललेला स्वीकारला होता. त्या स्वीकाराची दुसरी कसोटी लागण्याच्या वेळीच लेखक मागे सरला. गंमत अशी की संहितेनेच हे देणे पुढे वसूल केले. २०१३ मधील ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’मध्ये चेहरा न बदलता वाया घालवलेले ते रीजनरेशनही मोजले जाते, बारांची मर्यादा संपते आणि डॉक्टरपुढे खरेखुरे मरण उभे राहते.

याच्या उलट टोकाला पॉल कॉर्नेल यांची ‘ह्यूमन नेचर’ आणि ‘द फॅमिली ऑफ ब्लड’ ही २००७ मधील जोडकथा आहे. कॉर्नेल यांनी ती आपल्याच १९९५ च्या कादंबरीवरून बेतली. शत्रूपासून लपण्यासाठी डॉक्टर स्वतःची स्मृती एका घड्याळात कोंडून १९१३ मधील इंग्रजी शाळेत जॉन स्मिथ नावाचा मानवी शिक्षक होतो. शाळेची परिचारिका जोन रेडफर्न ही विधवा. दोघांचे प्रेम जमते. स्मिथला घड्याळ उघडावे लागते, म्हणजेच नाहीसे व्हावे लागते. त्यानंतर जो तिच्याकडे येतो त्याचा चेहरा तोच आहे. नट बदललेला नाही. बदलली आहे ती व्यक्ती. स्मिथमध्ये जे होते ते सारे आपल्यात आहे, असे तो सांगतो आणि तिला बरोबर येण्याची विनंती करतो. पुन्हा स्मिथ होता येईल का, असे ती विचारते. येईल, पण तो होणार नाही. मग ती असे विचारते की, त्याने सहज लहर म्हणून हे ठिकाण निवडले नसते तर येथे कोणी मेले असते का. त्याच्याकडे उत्तर नसते. ती त्याला जायला सांगते. महाश्वेतेने शाप दिला तो ओळखले नाही म्हणून; जोन नकार देते ती पुरते ओळखून. या मालिकेतील प्रीतिचित्रणात याहून प्रौढ प्रसंग दाखवता येणार नाही. नकाराचा अधिकार स्त्रीला मिळाला म्हणजेच स्वीकारालाही अर्थ येतो, आणि रोझच्या कथेला अखेरीस नेमका हाच अधिकार उरला नव्हता.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधील १९९१ च्या ‘द होस्ट’ या भागातही डॉ. क्रशर देह बदलणाऱ्या प्रियकराला नकार देते, पण तेथे एका भागात सुरू झालेले प्रेम त्याच भागात संपते. प्रेक्षकाने त्यात वर्षे गुंतवलेली नसतात. दीर्घ मालिकेचे बळ येथे समजून येते.

स्टीव्हन मॉफट यांच्या काळातील रिव्हर साँग ही व्यक्तिरेखा चतुर आहे. दोघांच्या भेटींचा क्रम उलटसुलट असल्याने तिला डॉक्टरचे अनेक चेहरे आधीपासून माहीत असतात; त्यामुळे धक्का उरत नाही, कोडे उरते. मॉफट यांचे मोठे काम अन्यत्र आहे. २०१४ मधील ‘डीप ब्रेथ’मध्ये तरुण मॅट स्मिथच्या जागी त्याच्याहून २४ वर्षांनी मोठा पीटर कपाल्डी येतो आणि क्लारा बावरते. आपण तिचा प्रियकर नाही, असे तो स्पष्ट करतो; चूक तिची होती असेही तो म्हणत नाही. शेवटी मात्र तो तिला विनवतो की, ती त्याच्याकडे पाहते पण तिला तो दिसत नाही, तर तिने त्याला पाहावे. तोवर बदलाचे दुःख पाहणारीचे होते, येथे ते बदललेल्याचे होते. या प्रसंगाआधी जुन्या चेहऱ्याच्या डॉक्टरने भूतकाळातून दूरध्वनी करून नव्याची शिफारस करावी, ही योजना तेवढी खटकते; कपाल्डीच्या अभिनयाला अशा जामिनाची गरज नव्हती.

२०२२ मध्ये यास्मिन आणि जोडी व्हिटेकरची डॉक्टर यांचे प्रेम उच्चारले जाते, पण देहान्तरापूर्वी दोघी टार्डिसच्या छतावर बसून निरोप घेतात आणि यास्मिनला नवा चेहरा पाहावाच लागत नाही. त्या निरोपात कोमलता आहे, कसोटी नाही. ३१ मे २०२५ रोजी ‘द रिॲलिटी वॉर’च्या अखेरीस शूटी गाट्वाचा डॉक्टर बदलला आणि त्याच्या कपड्यांत चेहरा दिसला तो बिली पायपरचा, म्हणजे रोझचा. श्रेयनामावलीत पायपरच्या नावापुढे भूमिकेचे नाव दिलेले नव्हते. त्या क्षणी टार्डिसमध्ये डॉक्टरखेरीज कोणीही नव्हते. तो चेहरा ओळखणारे किंवा नाकारणारे माणूस त्या दृश्यात नाही.