हिरड्यातला वाटा
देशी कंपन्यांनीही जैविक संपत्ती वापरली, तर स्थानिक समाजाला लाभातला वाटा दिलाच पाहिजे, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात दिला. जैवविविधता कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला या बंधनातून सूट दिली. हिरडा, बेहडा, गुळवेल आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेतच. पळवाट शोधायला वेगळा वकील कशाला? पोटापाण्यापुरते औषध देणाऱ्या वैदूला सवलत मिळाली, याबद्दल तक्रार नाही. पण तिच्या आडून मोठे कारखाने सुटता कामा नयेत. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा वेचणाऱ्या आदिवासींचे नाव कुठल्या पोथीत नसेल, तरी जंगल त्यांनी राखले आहे. सरकारने ही पळवाट बुजवावी आणि गावच्या जैवविविधता समित्यांना लाभवाटपाचे करार ठरवताना खरा अधिकार द्यावा.