प्रेक्षक की पार्श्वभूमी?

२३ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील वीस षटकांचा सामना सायंकाळी सातला सुरू व्हायचा होता. आधीच्या पावसाने मैदान ओले राहिले होते. पंचांनी पुन्हा पुन्हा पाहणी केली आणि खेळ सुरू झाला तो साडेनऊला, तोही प्रत्येकी आठ षटकांचा. आमच्या धर्मग्रामातील तीन तरुण तो सामना पाहून वर्धा रोडने घरी परतले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. रविवारी मिस्सेनंतर त्यांच्याभोवती घोळका जमला. रोहित शर्माने वीस चेंडूंत नाबाद ४६ धावा काढल्या होत्या. त्याविषयी कोणी काही विचारील असे मला वाटले होते. पहिला प्रश्न आला तो एका मातेचा : "अरे, टीव्हीवर कुठे दिसले नाही तुम्ही? आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो ना!" आणि मुले ओशाळली. जणू ती मैदानावर गेलीच नव्हती!

माझे भांडण या प्रश्नाशी आहे. क्रिकेटशी नाही. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर मामांचा हात धरून मी गेलो होतो. (सतराव्या वर्षी हात धरून जाण्याची लाज वाटत होती, गर्दी पाहून ती पळाली.) त्या दिवशी चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर न्यूझीलंडच्या तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातील ती पहिली हॅटट्रिक. पुढे सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले. खरे सांगायचे तर तिसरा चेंडू मला दिसलाच नाही. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. मी तो ऐकला. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला मिठी मारली, मग डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. घरी गेल्यावर आईने विचारले, "काय पाहिलंस?" त्या काळी प्रश्न असा असे.

'काय पाहिलेस' पासून 'दिसलास का' पर्यंत आपण आलो आहोत. ज्याने तिकीट काढले, रांगेत उभा राहिला, ऊन सोसले, तो आता पाहणारा उरला नसून दाखवण्याची वस्तू झाला आहे. कॅमेरा वळला की त्याने हात उंचावायचे, फलक नाचवायचा. कॅमेरा हलला की बसायचे. आयपीएलमध्ये अडीच मिनिटांची 'व्यूहात्मक विश्रांती' असते. त्या वेळी घरी जाहिराती चालतात आणि मैदानावरचे हजारो लोक त्या जाहिराती संपण्याची वाट पाहत बसून राहतात. २०२० मध्ये महासाथीमुळे आयपीएल अमिरातीत रिकाम्या मैदानांवर खेळवली गेली, तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळण्यात आला. गर्दीचा आवाज त्यांना हवाच होता. गर्दीतल्या माणसावाचून मात्र त्यांचे अडले नाही.

वाचक म्हणतील, फादर, एवढे काय बिघडले? हौस आहे पोरांची. हौसेपुरते असते तर मी लेखणी उचलली नसती.

२६ नोव्हेंबर १९९५. रविवार होता, ख्रिस्तराजाचा सण होता. त्याच जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड सामना चालू होता आणि आम्ही सेमिनरीचे विद्यार्थी, मैदानापासून काही किलोमीटरवर, सेमिनरी हिल्सवर दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. अ‍ॅस्टलच्या ११४ धावांच्या बळावर न्यूझीलंडने ८ बाद ३४८ केल्या. मधल्या सुट्टीत पूर्वेकडील नव्या स्टँडची भिंत कोसळली. वर बसलेली माणसे खाली पडली. किमान नऊ जण मेले, अनेक जखमी झाले. सुट्टी संपली आणि सामना पुढे सुरू झाला. शेवटच्या गड्यापर्यंत खेळला गेला. भारत ९९ धावांनी हरला. आमच्या पडद्यावर त्या मृत्यूंचे काही दिसल्याचे मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की भारताचे फलंदाज बाद होत होते आणि आम्ही चिडत होतो. सायंप्रार्थनेला जाताना कोणीतरी बातमी आणली. आमच्या टेकडीखाली माणसे मरत असताना आम्ही धावगतीचा हिशेब करीत होतो, ही टोचणी मी आजही बाळगून आहे.

सामना थांबवला असता तर चेंगराचेंगरी होऊन आणखी माणसे मेली असती, असे अशा वेळी सांगण्यात येते. हा युक्तिवाद पोकळ नाही. हजारोंची गर्दी एका घोषणेने बिथरू शकते. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर फुटबॉलच्या अंतिम सामन्यापूर्वी ३९ जण मेले, तेव्हाही हेच कारण देऊन सामना खेळवला गेला. ठीक आहे, गर्दी शांत राहावी म्हणून खेळ चालू ठेवा. पण घरी बसलेल्यांना अंधारात ठेवण्याने कोणाचा जीव वाचतो? हेसेलच्या त्या रात्री जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने आपले प्रक्षेपण बंद केले. म्हणजे तसे करता येते. नागपूरच्या दुर्घटनेच्या नऊ महिने आधी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्भवलेल्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले होते. लहरी जनतेच्या आहेत. मग त्या जनतेपैकी कोणी मेले तर त्या लहरींवरून दोन वाक्ये बोलण्याइतकाही तिचा हक्क नाही काय?

आणि हे जुने झाले असे कोणी समजू नये. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाला आलेल्या गर्दीत चेंगरून ११ जण मेले. आत सत्कार चालू राहिला.

माणूस पार्श्वभूमी झाला की असे घडते. पार्श्वभूमीला तहान लागत नाही, तिला बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे हे सांगावे लागत नाही, ती पडली तर कॅमेरा दुसरीकडे वळवता येतो. मी एका मोठ्या मैदानावर (नाव घेत नाही) वृद्ध स्त्रीच्या हातून पाण्याची बाटली काढून घेताना पाहिले आहे. सुरक्षेचा नियम असेल, मान्य आहे. पण आत पाणी कुठे मिळेल हे तिला कोणी सांगेना. डोक्यावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर मात्र 'आवाज वाढवा' अशी आज्ञा झळकत होती.

आयोजकांकडे माझे मागणे फार नाही. जो पडदा आम्हाला टाळ्या वाजवायला सांगतो, त्याने खेळ लांबला तर का आणि किती लांबला, दरवाजे कोणते उघडे आहेत, पाणी कोठे आहे, हेही सांगावे. मैदानात कोणाच्या जिवाला अपाय झाला तर ते प्रक्षेपणात त्याच दिवशी, त्याच वाहिनीवर सांगितले जावे. आणि आपल्या घरांकडे एक मागणे : पोर सामना पाहून आले की त्याला आईचा तो जुना प्रश्न विचारा.

मी त्या तिघांना तो विचारला होता, घोळका पांगल्यावर. दोघे धावसंख्या सांगत राहिले. तिसरा थोडा थांबून म्हणाला, "फादर, ती मैदान सुकवणारी माणसं होती ना, अडीच तास खपत होती. शेवटी ती बाहेर निघाली तेव्हा आमच्या स्टँडने उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या."