पंक्चरवाल्याचं बोट

मागच्या महिन्यात दहावीच्या वर्गात मी बोलून गेलो, "अभ्यास करा, नाहीतर आयुष्यभर पंक्चर काढत बसाल." वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. त्याचे वडील पंक्चरच काढतात.

मुसलमान म्हणजे 'पंक्चरवाला' हा शेरा हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतो. तो वाचून आपलं रक्त तापतं. पण तोच शेरा आपण आपल्या घरात, मदरशात, शाळेत मुलांना धाक म्हणून वापरतो. बाहेरच्यांनी म्हटलं तर अपमान, आपण म्हटलं तर नसीहत!

त्याच रविवारी मामूंची राजदूत ३५० घेऊन मी घोरावाडी स्टेशनाजवळच्या एका चाचांच्या गॅरेजमध्ये गेलो. ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली आणली. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा कार्बोरेटर. येझदीलाही दोन सायलेन्सर असतात, पण तिचं सिलिंडर एक आणि कार्बोरेटरही एकच. राजदूतमध्ये खरोखर दोन भाऊ एका घरात नांदतात, आणि त्यांचं पटलं नाही की घर हादरतं. माझी गाडी उभ्या जागी थरथरत होती. मूठ पिळली की आधी अडखळायची, मग एकदम उसळायची.

चाचांनी लगेच कार्बोरेटरला हात लावला नाही. आधी प्लग काढून रंग पाहिला. मग पॉइंट आणि टायमिंग तपासलं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर कुठे चिरलंय का ते पाहिलं. "हवा चोरून आत येत असेल तर वर कितीही स्क्रू फिरवा, सर, उपयोग नाही," ते म्हणाले. तशा चोरट्या हवेने पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो.

मग दोन्ही कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, फ्लोटची पातळी सारखी केली, दोन्हीकडचे हवेचे स्क्रू सारखेच उघडले. खरी परीक्षा त्यानंतर होती. मुठीपासून निघणारी केबल खाली येऊन फुटते आणि तिचा एक एक फाटा प्रत्येक कार्बोरेटरमधली स्लाइड उचलतो. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उठल्या पाहिजेत. एक जरा आधी उठली तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता फरफटत जातो.

एअर फिल्टर काढलेला होता. इंजिन बंद ठेवून चाचांनी माझी बोटं दोन्ही तोंडांतून स्लाइडवर ठेवली आणि मूठ अगदी सावकाश फिरवली.
"कोणती आधी उठली?"
"दोन्ही बरोबर," मी म्हणालो.
"नाही सर. डावी."

त्यांनी डावीकडची केबल किंचित सैल केली, लॉक नट आवळला, पुन्हा तपासलं. हँडल दोन्ही बाजूंना वळवून केबल ताणत नाही ना तेही पाहिलं. इंजिन चालू करून दोन्ही सायलेन्सरमागे तळवे धरले, धक्का सारखा लागतो का म्हणून. गाडी शांत झाली. माझ्याकडे बीएड आहे, पण माझ्या बोटाला जे कळलं नाही ते त्यांच्या बोटाला कळलं.

याला आपण इल्म का म्हणत नाही? अल-जझरीने १२०६ साली यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला, त्यात दोन सिलिंडरांच्या पाण्याच्या पंपाचं वर्णन आहे. त्याचं नाव आपण जलशात अभिमानाने घेतो. पण आपल्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीच्या मुलासाठी मुलगी देताना आपला चेहरा उतरतो.

कुणी म्हणेल, सर, मग मुलांना शाळेतून काढून गॅरेजवर बसवायचं का? मुळीच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक सगळ्या नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि छोटा संगणक ठरवतात. तिथे चाचांचं बोट एकटं पुरत नाही. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला दहावी पास लागते. चाचांकडे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे, कागद एकही नाही. केंद्राच्या कौशल विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. पण फॉर्म भरायला त्यांच्याशेजारी कोण बसणार? आपण शिक्षकांनीच बसायला हवं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शिक्षण द्यायचं ते हुनराची लाज वाटावी म्हणून नको, हुनर टिकावं म्हणून द्यावं. ज्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटते, तो ते काम नीट शिकत नाही, आणि ज्या शाळेत त्या कामाची टिंगल होते तिथे त्याचं मनही रमत नाही. दोन्हीकडून तो तुटतो. आपली कितीतरी मुलं अशीच गळाली असतील, आणि त्यात माझ्यासारख्यांच्या जिभेचाही वाटा आहे.

सोमवारी मी वर्गात त्या वाक्याबद्दल माफी मागितली. मग त्या मुलाला विचारलं, ट्यूब पाण्यात बुडवून भोक कसं शोधतात ते वर्गाला सांगशील का? तो उभा राहिला, जरा लाजला आणि म्हणाला, "सांगतो सर. पण हल्ली बऱ्याच गाड्यांना ट्यूबलेस असतात. त्याचं काम वेगळं असतं. अब्बा तेच शिकतायत."